हप्ता झेपतो म्हणजे दुसरी गाडी परवडते?

‘बँकेने कर्ज मंजूर केलं आणि हप्ता पगारात बसला, की दुसरी गाडी परवडली,’ हा हिशोब वर्षानुवर्षं फिरतोय. पटतोही, कारण हप्त्याचा आकडा समोर दिसतो, बाकीचे दिसत नाहीत.

बँक पाहते ते कर्ज फिटेल का एवढंच. मुलांची फी, आईची औषधं तिच्या हिशोबात नसतात.

5 लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी 7 वर्षांसाठी घेतलं, तर हप्ता साधारण 8,170 रुपये. त्यात महिन्याला 500 किलोमीटरचं पेट्रोल घाला: लिटरला 15 किलोमीटर आणि 100 रुपये भाव धरला तर 3,300. वर्षाचा विमा 18,000 धरला तर महिन्याला 1,500. सर्व्हिसिंग, टायरसाठी 700, सोसायटीतल्या पार्किंगचे 500. झाले 14,170. हप्त्याच्या पावणेदोन पट! शिवाय गाडी नुसती उभी राहिली तरी हप्ता आणि विमा थांबत नाही. बॅटरी उतरते ती वेगळीच.

मुदत 5 वर्षांची केली तर हप्ता 10,500 होतो, पण एकूण व्याज सुमारे 56,000 रुपयांनी वाचतं. म्हणजे ‘लहान हप्ता’ स्वस्त नसतो.

पडताळायचं कसं? आपले आकडे घालून येणारी पूर्ण रक्कम तीन महिने, पगार होताच, वेगळ्या खात्यात टाका. एकदाही तिथून पैसे काढावे लागले, तर थांबा. नाही लागले, तर डाउन पेमेंटमध्ये तेवढीच भर पडली.