मे महिन्यात इंजिनाला गार हवा कुठून द्यायची?

कूलर कुठे ठेवायचा, हे मराठवाड्यात कुणाला शिकवावं लागत नाही. खिडकीत ठेवून त्याची पाठ बाहेर काढली की झोप लागते. तोच कूलर खोलीत ठेवून दारं-खिडक्या लावल्या, तर थोड्याच वेळात अंगाला चिकचिक सुटते. कूलर तोच, वाळ्याचे पडदेही तेच. तो हवा कुठली ओढतोय, एवढाच फरक.

माझ्या भाच्याने लातूरला जुनी मस्टँग घेतली आणि फोन केला, "मामा, हिला कोल्ड एअर इनटेक बसवू का?" कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा पोचवणारी वेगळी नळी आणि फिल्टर. तेव्हा मला आधी कूलरच आठवला. फोर्डने २०१६ साली ही गाडी भारतात आणली ती ५ लिटरच्या, आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनासह. अशा गाड्यांना अमेरिकेत मसल कार म्हणतात: बेताच्या आकाराच्या गाडीत दांडगं इंजिन. १९६४च्या पाँटिअॅक जीटीओने ही लाट आणली आणि तिच्यामागून आलेल्या कित्येक गाड्यांच्या बॉनेटवर हवा ओढायला उघडं नाकाड असायचं. गार हवेचा हव्यास तेव्हापासूनचा आहे.

तो समजून घ्यायचा तर आधी या इंजिनाचा श्वास मोजू. चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांना एकदा आपलं पोट हवेने भरतं. मिनिटाला ६००० फेऱ्यांवर ५ लिटरचं इंजिन मिनिटाला सुमारे १५,००० लिटर हवा ओढतं. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली ते दोन मिनिटांत रिकामी करील. १ किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणजे ताकद ठरते ती किती लिटर हवा आत गेली यावर नाही, किती किलो गेली यावर. आणि हवा तापली की विरळ होते, तेवढ्याच लिटरमध्ये तिचं वजन कमी भरतं.

आता आपल्याकडचे आकडे घालून बघा. बाहेर ४३ अंश आणि बॉनेटखाली ६५ अंश असेल, तर बाहेरची हवा आतल्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के दाट असते. चांगल्या इनटेकची सगळी मिळकत या सातात बसते, आणि प्रत्यक्षात त्यातलीही थोडीच हाती लागते. कारण कंपनीने बसवलेली मूळ नळीसुद्धा बहुधा रेडिएटरच्या पुढूनच हवा घेत असते. उलट डिसेंबरात परभणीचा पारा १० अंशांवर उतरतो, तेव्हा मे महिन्याच्या दुपारपेक्षा हवा आपसूक १२ टक्के दाट होते. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्पच झाला.

तरी मे महिन्यात एक गोष्ट महत्त्वाची असते. आत जाणारी हवा फार तापली, तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायची वाट न बघता उरलेलं पेट्रोल आपोआप भडकायला लागतं, इंजिन ठोकू लागतं. ते टाळायला गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो आणि पिकअप मरतो. म्हणून आपल्याकडे बाहेरची गार हवा शोधण्यापेक्षा इंजिनाची स्वतःची धग नळीपासून दूर ठेवणं मोलाचं. बाजारात मिळणारा उघडा शंकूसारखा फिल्टर बॉनेटखाली नुसता लटकवला, तर तो त्या बंद खोलीतला कूलर होतो. आवाज मात्र दमदार येतो आणि कानाला गाडी जोरात पळाल्यासारखी वाटते. घ्यायचाच असेल तर चारही बाजूंनी बंद आणि बॉनेटला रबराने चिकटणारी पेटी असलेलाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नळी धातूची की प्लास्टिकची, यावर लोक उगाच भांडतात. ९ सेंटिमीटरच्या नळीतून एवढी हवा ताशी १४० किलोमीटरने धावते. अर्धा मीटर अंतर सेकंदाच्या सत्तराव्या-ऐंशीव्या भागात पार होतं, तेवढ्यात तापायला तिला वेळच मिळत नाही. सिग्नलला उभ्या गाडीत फरक पडतो, पण तिथे ताकद कुणाला हवी असते?

नळीची रुंदी मात्र जपायची. तिच्यात एक तापलेली बारीक तार असते. वाऱ्याने ती निवते आणि तिला गरम ठेवायला किती वीज लागली, यावरून कॉम्प्युटर हवेचं वजन ओळखतो. नळी रुंद केली की तीच हवा तारेजवळून संथ जाते. कॉम्प्युटरला वाटतं हवा कमी आली, म्हणून तो पेट्रोलही कमी सोडतो. अपुऱ्या पेट्रोलवर जोरात पळणारं इंजिन जास्त तापतं. म्हणून त्याच गाडीसाठी बनवलेली नळी घ्यावी, नाहीतर कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग करून घ्यावं.

आणि धूळ! जुन्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर ज्यांनी उघडलाय, त्यांना मी काय सांगणार? हवा तळाच्या वाटीतल्या तेलावर आपटते, फुफाटा तिथेच चिकटतो आणि मळणीच्या दिवसांत त्या वाटीत चिखल सापडतो. आपली माती बेसॉल्टची. तिच्यातल्या आणि क्रशरच्या खडीच्या धुळीतल्या फेल्डस्पारची कठिणता मोहच्या मापात ६, लोखंडाची ४ ते ५. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामध्ये अशी धूळ शिरली की ती कानशीसारखं काम करते, मग इंजिन ऑइल प्यायला लागतं.

तेल लावलेला कापडी फिल्टर हवा मोकळी सोडतो, पण तेल सुकलं की धूळही सोडतो, आणि जास्त लावलं तर ते जाऊन त्या तारेवर बसतं. शेतरस्त्याने घरी जाणाऱ्या गाडीला मी मोठ्या आकाराचा कोरडा फिल्टरच सुचवीन. तो रोज झटकायचीही गरज नाही. थोडी धूळ बसलेला फिल्टर नव्यापेक्षा बारीक कण जास्त अडवतो. फार तुंबला तरच बदलावा.

हवा ओढणारं तोंड बंपरच्या खाली नको. दुपारचा डांबरी रस्ता तव्यासारखा तापतो, त्याला लागून असलेली हवा सगळ्यांत गरम. शिवाय पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घातली आणि घोटभर पाणी आत गेलं, तर खेळ संपला. पाणी दाबलं जात नाही, पिस्टनचा दांडा वाकतो.

भाच्याला शेवटी दोन कामं सांगितली. डॅशबोर्डखालच्या सॉकेटला छोटा स्कॅनर लावायचा आणि ताशी ८० ने जाताना आत जाणाऱ्या हवेचं तापमान वाचायचं. बाहेरच्यापेक्षा ५-१० अंशच जास्त असेल, तर मूळ इनटेकला हात लावायची गरज नाही. दुसरं, फिल्टर काढून त्याच्या पुढची, इंजिनाकडची नळी आतून पांढऱ्या कापडाने पुसायची. कापडावर माती आली, तर आधी फिल्टर आणि त्याचं रबर बदल, बाकीचं नंतर बघू.