मामांचा रिमोट, नऊ पिना आणि कॉम-सात

निपाणीला मामांच्या माडीवर, भर दुपारी पडदे ओढून आम्ही दोघं एका रिमोटकडे मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघत बसलो होतो. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. सेल्फीचा कॅमेरा लावून रिमोटचं तोंड त्याच्याकडे केलं आणि बटण दाबलं, तेव्हा स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला. (मागच्या कॅमेऱ्याला बहुतेक वेळा डोळ्यांना न दिसणारा हा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे तिथे तो दिसतोच असं नाही.)

"म्हंजे जित्ता हाय," मामा म्हणाले.

रिमोट साधासुधा नव्हता. मामेभावानं वीसेक वर्षांपूर्वी परदेशातून आणलेला, राखाडी टचस्क्रीनचा, टीव्हीपासून अँप्लिफायरपर्यंत सगळं एकट्यानं चालवणारा. मामांची नजर अधू. म्हणून भावानं त्याच्या पडद्यावर तीनच मोठी बटणं ठेवली होती: 'बातम्या', 'कीर्तन' आणि 'बंद'. त्या काळच्या सॉफ्टवेअरला देवनागरी कुठली यायला? त्यानं पेंटमध्ये माऊसनं अक्षरं काढून ती चित्रं म्हणून बटणांवर डकवली होती. यंदाच्या वळवात वीज पडून सेटटॉप बॉक्स जळाला, नवा आला, आणि नवा बॉक्स जुन्या रिमोटला ओळखेना. दोनशे रुपयांत रिमोट मिळतो की, असं घरातल्या सगळ्यांनी सांगून झालं होतं. मिळतो, पण त्याला चाळीसेक बटणं असतात, आणि मामांना त्यातलं एकही दिसत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात यंत्रांचा मेंटेनन्स बघतो. जुनं काही बंद पडलं की नातेवाइकांना माझी आठवण येते.

आता तो जांभळा ठिपका बोलतो काय ते आधी बघू, कारण या प्रकरणातली सगळ्यात टिकाऊ गोष्ट तीच आहे. रिमोटच्या टोकाचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश टाकतो. पण असा प्रकाश उन्हात असतो, चुलीत असतो, जुन्या पिवळ्या बल्बात असतो. त्या गलबल्यात आपला आवाज वेगळा ओळखू यावा म्हणून रिमोट नुसता चमकत नाही, तो सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा उघडझाप करतो. टीव्हीतला रिसीव्हर तेवढ्याच तालावर कान लावून बसलेला असतो. बाकीचा उजेड त्याच्या लेखी नसल्यासारखा. ही उघडझाप किती वेळ चालली आणि मध्ये किती वेळ अंधार राहिला, एवढ्यावरच सगळा निरोप लिहिलेला असतो.

तो निरोप कागदावर उतरवायची एक पद्धत फिलिप्सच्या 'प्रोन्टो' नावाच्या रिमोटमुळे रूढ झाली, आणि पुढे इतर कंपन्यांची कित्येक सॉफ्टवेअरंही तीच वाचायला लागली. मामांच्या रिमोटचं सॉफ्टवेअरही. नव्या बॉक्सच्या एका बटणाचा कोड असा सुरू होत होता:

०००० ००६डी ००२२ ०००२ ०१५७ ००एसी ००१५ ००१५ ००१५ ००४०…

मामांनी चष्मा वर करून बघितलं. "ही कुणाची पत्रिका?"

पत्रिकाच म्हणायची, फक्त आकडे सोळाच्या हिशेबात मांडलेले: नऊनंतर ए म्हणजे दहा, बी म्हणजे अकरा, असं एफ म्हणजे पंधरापर्यंत. पहिल्या घरातलं शून्य सांगतं, की पुढे कच्चा निरोप आहे, जसाच्या तसा वाजवायचा. दुसऱ्या घरात ६डी. सहा सोळे शहाण्णव, अधिक तेरा, झाले १०९. या पद्धतीचं सर्वात लहान माप ०.२४१२४६ मायक्रोसेकंदांचं. त्याला १०९ नं गुणलं की २६.३ मायक्रोसेकंद येतात. ही एका उघडझापेची वेळ, म्हणजे सेकंदाला ३८,०२९ उघडझापी. तिसऱ्या घरातले २२ म्हणजे ३४: पुढे उजेड-अंधाराच्या ३४ जोड्या आहेत. चौथ्यातले दोन म्हणजे बटण दाबून धरलं तर पुन्हा पुन्हा वाजवायच्या जोड्या दोन.

मग खरा निरोप. ०१५७ म्हणजे ३४३ उघडझापी, वेळेत नऊ मिलिसेकंद उजेड. ००एसी म्हणजे १७२, साडेचार मिलिसेकंद अंधार. नऊ आणि साडेचार दिसलं की या धंद्यातला माणूस लगेच सांगतो, ही जपानच्या एनईसी कंपनीनं घालून दिलेली रीत. सुरुवातीची ही लांब हाळी झाली, की पुढे प्रत्येक बिटाला (बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढाच एक आकडा) छोटा उजेड आणि त्यामागे अंधार. अंधार उजेडाएवढाच, म्हणजे १५ च्या मागे १५, तर शून्य. अंधार तिप्पट, १५ च्या मागे ४०, तर एक. (सोळाच्या हिशेबातले १५ म्हणजे आपले २१, आणि ४० म्हणजे ६४. भागून बघा, तिप्पट येतंच.) असे ३२ बिट. आठ बिटांत कुणाला सांगायचं तो पत्ता, पुढच्या आठांत तोच पत्ता उलटा करून (शून्याच्या जागी एक, एकाच्या जागी शून्य), मग आठांत हुकूम, आणि शेवटी तोच हुकूम उलटा. सुलट आणि उलट जुळलं नाही तर बॉक्स निरोप मानतच नाही. लांब हाळीची एक जोडी, बिटांच्या ३२ आणि शेवटच्या पूर्णविरामाची एक. झाल्या ३४.

फिलिप्सची स्वतःची आरसी-५ ही रीत निराळी, ३६,००० च्या तालावर चालणारी. तिच्यात एक बिट दर वेळी बटण नव्यानं दाबलं की उलटतो, त्यामुळे बोट दाबून धरलंय की दोनदा दाबलंय हे टीव्हीला कळतं. पण मुद्दा असा, की या दोन्ही रीती आजही चालू आहेत. वीस वर्षांपूर्वीचा रिमोट आणि गेल्या महिन्यातला बॉक्स यांचं भांडण नव्हतंच. कोड तर रिमोट स्वतःच शिकू शकत होता, समोर बॉक्सचा रिमोट धरला की झालं. पण तीन बटणांमागचा जुना कोड काढून नवा घालायचा, चॅनेलचे आकडे एकामागून एक लावायचे, तर कॉम्प्युटर लागणार. गाडं अडलं होतं कॉम्प्युटर आणि रिमोट यांच्या मधल्या वाटेवर.

सीडी मामांनी लग्नाच्या अल्बमात जपून ठेवलेली. ती माझ्या विंडोज-११ च्या लॅपटॉपला बाहेरून ड्राइव्ह जोडून लावली, तर सेटअपनं उत्तर दिलं: हे ॲप तुमच्या पीसीवर चालू शकत नाही. कंपॅटिबिलिटी मोड लावला, तरी तेच. हा मोड म्हणजे प्रोग्रामला थाप मारायची सोय आहे: बाबा रे, तू जुन्या विंडोज एक्सपीवरच आहेस. थाप पुरते तिथे काम होतं, पण जिथे मुळात जमीनच नाही तिथे थाप काय कामाची?

जमीन नव्हती ती १६ बिटांची. (चिप एका दमात किती बिट हाताळते त्याचा हा आकडा; जितका लहान तितका प्रोग्राम जुन्या जमान्यातला.) नव्वदच्या दशकातल्या कित्येक सॉफ्टवेअरांची गंमत अशी, की आतला प्रोग्राम ३२ बिटांचा, पण त्याला बसवणारा सेटअप १६ बिटांचाच राहिलेला. ३२ बिटांच्या विंडोजमध्ये असल्या जुन्या मंडळींसाठी एक वेगळी खोली राखून ठेवलेली असे. इंटेलच्या ३८६ चिपनं १९८५ मध्ये एक खास सोय आणली होती, जुन्या प्रोग्रामला आपण एकट्यानंच मशीन चालवतोय असं भासवणारी, आणि विंडोजच्या आधीच्या डॉसचे प्रोग्राम त्या खोलीत तिच्या जोरावर राहत. चिप ६४ बिटांच्या पद्धतीनं चालायला लागली की ती सोय बंद होते. ६४ बिटांच्या विंडोजनं मग ती खोलीच बांधली नाही, डॉसवाल्यांना नाही आणि १६ बिटांच्या विंडोजवाल्यांनाही नाही. २०२१ मध्ये आलेलं विंडोज-११ तर ६४ बिटांतच मिळतं.

उपाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर. व्हर्च्युअलबॉक्स नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला, त्यात जुनं एक्सपी बसवलं, त्यात सेटअप निमूट चालला. मग मी एक आगाऊपणा केला. एक्सपीत बसलेला सगळा फोल्डर उचलून विंडोज-११ च्या प्रोग्राम फाइल्समध्ये ठेवला आणि आतला ३२ बिटांचा प्रोग्राम थेट उघडला. उघडला की! दरवेळी असं होत नाही. काही प्रोग्राम विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या वहीत नोंदी शोधतात, काहींना सोबतच्या ओसीएक्स नावाच्या मदतनीस फाइली लागतात. हा साधा निघाला.

साधा, पण खोडकर. जतन केलेली फाइल फोल्डरमध्ये दिसेचना. अर्धा तास शोधली. जुने प्रोग्राम आपल्याच फोल्डरात लिहितात आणि व्हिस्टापासून विंडोजला ते खपत नाही. पण उगाच ओरडत बसण्यापेक्षा ते ती फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच कोपऱ्यात नेऊन ठेवतं. प्रोग्रामला वाटतं जागेवर आहे, आणि आपण शोधत बसतो. फोल्डर सरळ सी ड्राइव्हच्या मुळाशी नेला आणि हा घोळ मिटला.

आता केबल. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला नऊ पिनांचा सीरियल जोड. आमच्या उद्यमबागेत हा जोड अजून रोजचा आहे, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणाऱ्या जुन्या सीएनसी लेथला प्रोग्राम पाठवायचा तर त्यातूनच जातो. १९६० मध्ये ठरलेल्या आरएस-२३२ या नियमानं तो चालतो, आणि त्याची रीत जगावेगळी: एक म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट, शून्य म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. लॅपटॉपला असा जोड आता नसतोच. मध्ये यूएसबीची केबल घालावी लागते, आणि तिच्या पोटातली चिप दुभाष्याचं काम करते. कचेरीबाहेर बसून आपल्या मराठीचा कन्नड अर्ज करून देणारा माणूस असतो ना, तसं.

बाजारातून आणलेला पहिला दुभाषी खोटा निघाला. नावाजलेल्या चिपची नक्कल होती आणि चिप चालवणाऱ्या विंडोजमधल्या नव्या ड्रायव्हरनं ती ओळखून कामाला नकार दिला. कारखान्यातली माझी केबल आणली. ती खरोखर बोलते का हे तपासायची एक जुनी युक्ती आहे. नऊ पिनांतली दोन नंबरची पिन ऐकायची, तीन नंबरची बोलायची. सोललेल्या वायरीच्या तुकड्यानं त्या दोघी जोडायच्या आणि टर्मिनल प्रोग्राममध्ये (टाइप केलेलं केबलवर पाठवणारा आणि तिकडून आलेलं दाखवणारा) काही टाइप करायचं. मी 'निपाणी' इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, आणि स्वतःचंच बोलणं परत येऊन पडद्यावर 'निपाणी' उमटलं. तुकडा काढला की अक्षरं उमटायची थांबली. केबल पास.

इथे एक इशारा, कारण यात माझा एक बोर्ड पूर्वी जळालाय. नंतरची बरीच उपकरणं ३.३ व्होल्टवर बोलतात आणि त्यांची पिन दिसायला अगदी तशीच असते. जोडण्याआधी केबलच्या बोलणाऱ्या तारेवर मल्टिमीटर लावा. काहीच चालू नसताना तिथे उणे आकडा दिसला तर ती आरएस-२३२, अधिक ३.३ च्या आसपास दिसला तर ती दुसऱ्या जातीची. अदलाबदल केली तर उपकरण गेलंच म्हणून समजा.

केबल पास होऊनही सॉफ्टवेअर म्हणे, रिमोट सापडत नाही. विंडोजनं तिला कॉम-७ हे नाव दिलं होतं, आणि सॉफ्टवेअरच्या यादीत कॉम-१ ते कॉम-४ एवढीच नावं. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढच्या कॉम्प्युटरला चाराहून जास्त पोर्ट नसणार. २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, पण दोन्हींपैकी काहीही लिहिलं तरी आमच्या पोस्टमनला पत्र पोचवता येतं. सॉफ्टवेअरला तेवढी समज नसते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन कॉम-७ चं कॉम-३ केलं. विंडोज म्हणालं, कॉम-३ वापरात आहे. ते पूर्वी कधीतरी जोडून काढलेल्या केबलचं भूत होतं. पुढे चाल म्हटलं.

रिमोट सापडला! त्यातली जुनी मांडणी वाचायला सुरुवात झाली, पट्टी निम्म्यावर गेली आणि अडकली. तीनदा तसंच. खरा सीरियल पोर्ट आलेलं अक्षर लगेच पुढे देतो. यूएसबीचा दुभाषी मात्र चार शब्द गोळा झाले की एकदम सांगतो, आणि माझ्या केबलच्या ड्रायव्हरमध्ये ही वाट बघायची मुदत १६ मिलिसेकंदांची होती. आपल्याला ती जाणवणार नाही. पण दर तुकड्यामागे पटकन पोच हवी असलेल्या जुन्या सॉफ्टवेअरचा धीर सुटत होता. त्याच ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये मुदत एक मिलिसेकंदावर आणली, रिमोटमध्ये नव्या बॅटऱ्या घातल्या, आणि पट्टी शेवटपर्यंत गेली.

पडद्यावर भावानं काढलेली तीन बटणं आली. 'कीर्तन'मधला पहिला की जरा वाकडा आहे हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. प्रत्येक बटणामागचे जुने आकडे काढून नव्या बॉक्सचे घातले, फाइलच्या तीन प्रती केल्या, आकडे एका साध्या टेक्स्ट फाइलीतही उतरवले आणि रिमोटमध्ये सगळं परत भरलं.

मामांनी 'कीर्तन' दाबलं. दीड-दोन सेकंदांनी मृदंग वाजला. मग 'बातम्या'. ते बराच वेळ रिमोट हातात धरून बसले.

"आरं," ते म्हणाले, "आपल्याकडच्या बातम्या कानडी च्यानलवर आधी येत्यात. त्येचंबी एक बटण कर की."

"त्यावर काय लिहू?"

"सुद्दी. आनि लिवायचं तर कानडीत लिव."

सॉफ्टवेअरला कानडी येत नव्हती, मराठीही येत नव्हती. मी पेंट उघडलं.