ढीग उंच झाला म्हणजे उतार उभा झाला?

कोल्हापुरात बांधकामावर हमखास ऐकू येतं : ‘अजून एक डंपर ओतला तर ढीग आणखी उभा होणार.’ उभा होत नाही, पसरतो. कोरड्या वाळूचा उतार साधारण 30 ते 35 अंशांवर ठरतो, टोकदार खडीचा थोडा जास्त. तो कणांचं घर्षण आणि आकार ठरवतात, ढिगाची उंची नव्हे. 34 अंश धरा : 1 मीटर उंच ढिगाचा पाया सुमारे 3 मीटर रुंद, माल 0.8 ब्रास (1 ब्रास म्हणजे 100 घनफूट). 2 मीटर उंचीला पाया 6 मीटर आणि माल साडेसहा ब्रास! उंची दुप्पट, माल आठपट.

घसरताना अख्खा ढीग हलत नाही, वरचा पातळ थर तेवढा वाहतो. माल सुटतो तो कोन, थांबतो त्या कोनापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त असतो. म्हणून तो थांबून थांबून धपकन येतो. मिश्र मालात बारीक कण फटींतून खाली झिरपतात, मोठे वर राहून गडगडत पायथ्याशी पोचतात. नुसत्या पायथ्याची घमेली भरली, की काँक्रीटचं प्रमाण बिघडलंच.

‘ओली वाळू ढासळत नाही’ हेही अर्धंच खरं. थोडा ओलावा कण चिकटवतो, कड उभी राहते. उन्हानं वाळली की न सांगता कोसळते. फटी पाण्यानं गच्च भरल्या तर चिकटपणा जातो, शिवाय पाण्याच्या दाबानं घर्षण घटतं. पावसाळ्यात गगनबावड्याकडच्या घाटांत दरडी सुटतात, त्यामागेही हे कारण असतं. खोऱ्यानं पायथा पोखरू नका; बाजूला उभं राहून लांब दांड्यानं वरची कड आधी पाडा.