कॅनडाचा सिनेमा शाळेत का दाखवावा लागला?

अमेरिकेचा चित्रपट व्यवसाय आपल्या 'देशांतर्गत' उत्पन्नाचे आकडे जाहीर करतो, तेव्हा त्यांत कॅनडामधील तिकीटविक्रीही धरलेली असते. ही हिशेबाची पद्धत मुळात मालकीतून आलेली आहे. 1920 साली स्थापन झालेल्या फेमस प्लेयर्स कॅनेडियन कॉर्पोरेशनने देशातील मोक्याच्या चित्रपटगृहांवर पकड बसवली आणि या कंपनीची सूत्रे हॉलिवूडच्या पॅरामाउंट समूहाकडे होती. 1931च्या सरकारी चौकशी अहवालाने या व्यवहारात मक्तेदारी असल्याचे नोंदवले; पण पुढच्याच वर्षी ऑन्टारिओ प्रांताच्या न्यायालयाने कंपन्यांना निर्दोष ठरवले आणि तो विषय तिथेच मिटला. माध्यमिक शाळेतील मुलांना आपल्याच देशाचे चित्रपट मुद्दाम दाखवावे लागतात, याचे मूळ इतके मागे जाते. चित्रपट बनत नव्हते असे नाही, पण पडदा दुसऱ्याच्या ताब्यात होता.

1939 साली नॅशनल फिल्म बोर्ड या कॅनडाच्या सरकारी चित्रपटसंस्थेची स्थापना झाली आणि स्कॉटलंडचे जॉन ग्रिअरसन त्याचे पहिले आयुक्त झाले. प्रेक्षक चित्रपटगृहात येईल तेवढ्यावर विसंबून न राहता चित्रपटच प्रेक्षकाकडे न्यायचे, ही त्यांची भूमिका होती. युद्धकाळातील माहितीपट चित्रपटगृहांतूनही दाखवले जात. तथापि बोर्डाची स्वतःची म्हणावी अशी व्यवस्था 1942च्या जानेवारीत उभी राहिली, ती म्हणजे 16 मिलिमीटरच्या चित्रफिती आणि प्रोजेक्टर घेऊन खेड्यापाड्यांत फिरणारे प्रक्षेपक. सुरुवातीला अशी सुमारे 30 फिरती मंडळे होती आणि एकेक प्रक्षेपक महिन्याकाठी जवळपास वीस गावे करी. वीज नसेल तिथे जनित्रही सोबत असे. दुपारी शाळेच्या खिडक्या झाकून मुलांसाठी खेळ व्हायचा आणि रात्री त्याच चित्रफिती गावच्या सभागृहात मोठ्या माणसांना दाखवल्या जायच्या. प्रेअरीमधील, म्हणजे पश्चिमेकडच्या गवताळ मैदानी प्रांतांतील, कित्येक मुलांनी आयुष्यातला पहिला चित्रपट असा दुपारच्या शाळेतच पाहिला असणार.

युद्ध संपल्यावर ही मंडळे आटली. त्यांची जागा गावोगावच्या फिल्म कौन्सिलांनी आणि चित्रफिती उसन्या देणाऱ्या ग्रंथालयांनी घेतली, तरी शाळेशी जुळलेला धागा तुटला नाही. 1950च्या कायद्याने बोर्डाला कॅनडा म्हणजे काय ते कॅनडावासीयांना आणि इतर राष्ट्रांना उलगडून दाखवण्याचे काम सोपवले, आणि हे काम करायला वर्गाइतकी हक्काची जागा दुसरी नव्हती. (भारतात 1948 साली मुंबईत सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट प्रत्येक चित्रपटगृहाला दाखवावेच लागत. कॅनडाच्या बोर्डाच्या हाती अशी सक्ती नव्हती. त्याच बोर्डात घडलेल्या जेम्स बेव्हरिज यांनी पुढे भारतात माहितीपट केले आणि दिल्लीच्या जामिया मिलियातील जनसंवाद केंद्राच्या उभारणीत भाग घेतला.) शाळेचे दार सर्वत्र सारखे उघडे होते, असेही नाही. फ्रेंचभाषक क्वीबेक प्रांताचे सरकारप्रमुख (प्रीमियर) मोरिस द्युप्लेसी यांना बोर्डात साम्यवादी दिसत होते आणि 1950च्या दशकात त्यांनी आपल्या प्रांतातील शाळांत बोर्डाचे चित्रपट दाखवण्यास मनाई केली.

त्या काळात वर्गात जे दाखवले जाई ते प्रामुख्याने भूगोल, शेती, आरोग्य किंवा नागरिकशास्त्र शिकवण्यासाठी. चित्रपट हे साधन होते, स्वतंत्र विषय नव्हता. याला सणसणीत अपवाद ठरला नॉर्मन मॅकलॅरन यांचा 1952चा 'नेबर्स' हा सुमारे आठ मिनिटांचा चित्रपट. दोन शेजारी आरामखुर्च्यांत बसून वर्तमानपत्र वाचत आहेत; एकाच्या पानावर 'शांतता नसेल तर युद्ध अटळ' आणि दुसऱ्याच्या पानावर 'युद्ध नसेल तर शांतता अटळ' अशा अर्थाचा मथळा आहे. दोघांच्या मधोमध एक फूल उगवते आणि ते नेमके कोणाच्या हद्दीत, यावरून सुरू झालेले भांडण दोघांच्या मरणावर थांबते. जिवंत नटांना बाहुल्यांसारखे एकेका चौकटीने हलवून केलेल्या या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. त्यातील एकमेकांच्या बायकामुलांवर हल्ला होतो तो प्रसंग काही वर्षे कापलेला होता आणि नंतर तो परत जोडला गेला. शब्द जवळजवळ नसल्याने हा चित्रपट कोणत्याही भाषेच्या वर्गात चालत असे, आणि तो संपल्यावर शिक्षकाला प्रश्न विचारावे लागत नसत. मुलेच बोलू लागत.

चित्रपटगृहांचा तिढा मात्र कायम राहिला. 1948 साली कॅनडा सरकार आयातीवर निर्बंध घालण्याच्या विचारात असताना हॉलिवूडने तोडगा पुढे केला: आम्ही आमच्या चित्रपटांत कॅनडाचा उल्लेख करू, तुम्ही निर्बंध लावू नका. सरकारने तो मान्य केला. त्यातून कुठे एखाद्या 'वेस्टर्न', म्हणजे काउबॉय धर्तीच्या, चित्रपटात रात्री पाखरांचा आवाज ऐकून पात्राने 'कॅनडातले ओरिओल' असे म्हणावे, एवढेच पदरात पडले. एवढ्या स्वस्तात एखाद्या देशाने आपला पडदा सोडल्याचे दुसरे उदाहरण माझ्या तरी माहितीत नाही.

1967 साली कथापटांसाठी 1 कोटी डॉलरचा निधी घेऊन स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. तेच 1984 पासून टेलिफिल्म कॅनडा या नावाने ओळखले जाते. 1970चा 'गोइन डाउन द रोड' आणि 1971चा 'मॉन ऑन्क्ल अँत्वान' हे या काळातले मानदंड मानले जातात. 1974 साली चित्रपटातील गुंतवणुकीवर शंभर टक्के करसवलत मिळाल्यावर निर्मितीचा पूर आला. त्यातले अनेक चित्रपट अमेरिकी शहरांचे सोंग घेऊन काढलेले होते आणि काही तर पडद्यावर आलेच नाहीत. सरकारने पैसा निर्मितीत ओतला, वितरण आणि प्रदर्शन होते तसेच राहू दिले. या धोरणाची खरी चूक तीच होती. क्वीबेकमध्ये फ्रेंच भाषेच्या आधारावर स्वतःचा प्रेक्षक टिकला, पण इंग्रजी कॅनडात स्वदेशी कथापटांचा वाटा नगण्यच राहिला.

शाळेतली पुढची हालचाल वेगळ्या दिशेने आली. 1978 साली टोरांटोमध्ये शिक्षकांनी माध्यम साक्षरतेसाठी संघटना स्थापन केली आणि 1987 साली ऑन्टारिओने इंग्रजीच्या अभ्यासक्रमात सातवी ते बारावी हा विषय अनिवार्य केला. उत्तर अमेरिकेत असे प्रथमच घडत होते. आता जाहिरात, बातमी आणि चित्रपट हे कवितेसारखे वाचायचे पाठ झाले. गंमत अशी की या तासांना बहुधा अमेरिकी नमुनेच वापरले जात, कारण मुलांनी तेच पाहिलेले असत.

ही पोकळी हेरून 2005 साली जॅक ब्लम आणि शॅरन कॉर्डर यांनी टोरांटोमध्ये 'रील कॅनडा' सुरू केले. या उपक्रमाचे मर्म त्याच्या पद्धतीत आहे. शाळेत चित्रपट नेमून दिला जात नाही. विद्यार्थ्यांची समिती यादीतले नमुने पाहून चित्रपट निवडते, खेळाचा दिवस आखते आणि शक्य असेल तेव्हा दिग्दर्शक किंवा कलावंत समोर येऊन मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. ग्रिअरसनच्या काळात राजधानीतून ठरलेले वर्गात येत होते. इथे निवड करणारा सोळा-सतरा वर्षांचा आहे. 2014 पासून याच संस्थेच्या पुढाकाराने राष्ट्रीय कॅनेडियन चित्रपट दिनही साजरा होऊ लागला. क्वीबेकमध्ये 2012 पासून महाविद्यालयीन विद्यार्थी त्या प्रांतातील निवडक चित्रपट पाहून, त्यांवर वाद घालून स्वतःचा पुरस्कार देतात.

व्यवहारातली एक अडचण 2012 साली दूर झाली. तोपर्यंत वर्गात पूर्ण चित्रपट दाखवायचा तर सार्वजनिक प्रदर्शनाचा परवाना विकत घ्यावा लागे. त्या वर्षीच्या कायदेदुरुस्तीने, प्रत बेकायदा नसेल तर, शाळेच्या आवारात शिक्षणासाठी चित्रपट दाखवण्यास परवानगीची गरज उरली नाही.

दरम्यान 'कॅनेडियन चित्रपट' या शब्दांतच बदल होत गेला होता. झकारियास कुनुक यांच्या इनुक्तितुत या इन्युइट आदिवासींच्या भाषेतील 'अतानार्जुआत'ला 2001 साली कान महोत्सवात कॅमेरा द'ओर हा पहिल्या चित्रपटासाठीचा पुरस्कार मिळाला. दीपा मेहता यांच्या 'वॉटर'चे चित्रीकरण 2000 साली वाराणसीत विरोधामुळे थांबले आणि पुढे श्रीलंकेत पूर्ण झाले; हा हिंदी चित्रपट कॅनडाने ऑस्करसाठी आपली प्रवेशिका म्हणून पाठवला आणि त्याला नामांकनही मिळाले. त्यामुळे ज्या वर्गात निम्म्या मुलांच्या घरी इंग्रजी वा फ्रेंच बोलली जात नाही, तिथे आज 'आपला' चित्रपट निवडायला बसलेल्या समितीत पहिला वाद 'आपला' म्हणजे कोणता, यावरच होऊ शकतो.