शेक घेतलेल्या मानेतील धमन्या आणि पेट स्कॅन : पार्श्वभूमी

कर्करोगावरचा किरणोपचार म्हणजे शेक. त्यामागच्या क्ष-किरणांचा शोध १८९५चा. किरणांनी भाजलेल्या कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आतून सुजतात आणि अरुंद होतात, हे त्यानंतर काही वर्षांतच सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. मोठ्या धमन्यांना मात्र किरणांचे काही होत नाही, हा समज कितीतरी दशके टिकला. १९५१पासून कोबाल्ट-६०ची शेक देणारी यंत्रे आली, रुग्ण बरे होऊन पुढे वर्षानुवर्षे जगू लागले, तेव्हा तो ढासळला. हॉजकिनच्या आजारात (लसिकाग्रंथींच्या कर्करोगात) छातीवर शेक घेतलेल्या तरुणांना ऐन उमेदीत हृदयविकार होऊ लागला. डेन्मार्क आणि स्वीडनमधील स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांवरील २०१३च्या अभ्यासाने त्याला आकडा दिला: हृदयाला मिळालेल्या सरासरी डोसच्या दर ग्रेमागे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) गंभीर हृदयविकाराचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढते.

कोल्हापूरकडे हा प्रश्न छातीपेक्षा मानेचा आहे. तंबाखू, मिसरी, गुटखा यांतून होणारा तोंडाचा कर्करोग घराघरांत माहीत आहे. निपाणीची तंबाखूपेठ तर हाकेच्या अंतरावर. अशा रुग्णाला सहा-सात आठवड्यांत ६० ते ७० ग्रेपर्यंत शेक दिला जातो आणि मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी बहुधा त्याच पट्ट्यात येते. पुढे काही वर्षांनी ती अरुंद होते, पक्षाघाताचा धोका वाढतो. गाठ गेली म्हणून निर्धास्त झालेल्या घरावर हा दुसरा घाव असतो, आणि त्याची पूर्वसूचना कोणी दिलेलीही नसते.

धमनी अरुंद होण्याआधीचा दाह पेट स्कॅनवर, म्हणजे शरीरात सोडलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे साठतो ते दाखवणाऱ्या तपासणीत, पकडता येईल, ही कल्पना कर्करोगाच्याच तपासणीतून निघाली. त्यासाठी टोचतात ते एफडीजी हे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेले ग्लुकोज. गाठ ते ओढून घेते, तशाच दाहाच्या जागी जमलेल्या मॅक्रोफेज या संरक्षक पेशीही ओढतात. गाठ शोधताना महाधमनीची भिंतही उजळलेली दिसे. २००२मध्ये पक्षाघाताची लक्षणे येऊन गेलेल्या ८ रुग्णांच्या मानेचे स्कॅन झाले. लक्षणे देणाऱ्या बाजूच्या धमनीत दुसऱ्या बाजूपेक्षा एफडीजी २७ टक्के अधिक साठले होते. त्याच वर्षी मुंबईत परळला मेडिकल सायक्लोट्रॉन, म्हणजे असे किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारे यंत्र, सुरू झाला.

खरा वाद इंजेक्शननंतर किती वेळ थांबायचे, यावर आहे. कर्करोगासाठी साधारण ६० मिनिटे थांबतात. गाठ तेवढ्यात दिसते आणि यंत्रही पुढच्या रुग्णासाठी मोकळे होते. धमनीचे गणित वेगळे. तासाभराने रक्तातच इतके एफडीजी उरलेले असते की भिंतीची चमक आतल्या रक्ताच्या चमकेत बुडते. त्यात भिंत जेमतेम एक मिलिमीटरची आणि पेटची नजर चार-पाच मिलिमीटरची. २००२च्या त्या कामात सुमारे तीन तास थांबले होते. पुढे २०१६मध्ये युरोपातील तज्ज्ञांनी दोन तास थांबावे आणि उपाशीपोटीची रक्तातली साखर १३० मिग्रॅ/डेसिलिटरच्या आसपास किंवा खाली असावी, असे सुचवले. तरीही शेकाच्या परिणामांवरचे बरेच काम कर्करोगासाठी आधीच काढलेल्या, म्हणजे तासाभराच्या स्कॅनवरच झाले आहे. कुठे शेकानंतर चमक वाढलेली दिसते, कुठे काहीच फरक नाही. केमोथेरपी, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आणि शेकाने सुजलेले घशाचे स्नायू हा गोंधळ वाढवतात. गाठ उरली का, हे पाहणारा स्कॅनही म्हणूनच शेक संपल्यावर सुमारे तीन महिन्यांनी करतात. तासाभराच्या स्कॅनवर ‘धमनीत दाह नाही’ असा शेरा मारणे मला धाडसाचे वाटते. ‘सांगता येत नाही’ एवढेच त्यावर लिहावे.

दोन तास थांबण्याची किंमत कोल्हापुरात अधिक. एफडीजीतील फ्लोरिन-१८चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सारिता निम्मी होण्याचा काळ, ११० मिनिटांचे. मुंबईहून रस्त्याने सात तासांत एफडीजी आले, तर निघतानाच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याएवढीच किरणोत्सारिता उरते. पुण्याहून चार तास धरले तर पावपट. त्यावर आणखी एक तास थांबायचे म्हणजे उरलेल्यातूनही तिसरा हिस्सा गेला. पहाटे निघालेल्या त्या खोक्यावर दिवसभराचे रुग्ण बसवायचे असतात, आणि त्यांत कर्करोगाचा रुग्ण आधी घेतला जाणार, हे रास्तच आहे.

या अडचणीला एक वाट २०१७मध्ये दिसली. किरणोत्सारी गॅलियम-६८ जोडलेले डोटाटेट हे द्रव्य मॅक्रोफेजवरील विशिष्ट ग्राही रेणूला (रिसेप्टरला) चिकटते, साखर ओढणाऱ्या प्रत्येक पेशीला नाही. हृदयाच्या स्नायूच्या चमकेत एफडीजी हरवते, तिथेही ते उपयोगी पडले. शिवाय गॅलियम जनरेटर नावाच्या छोट्या उपकरणातून जागेवरच काढता येते. ज्यापासून गॅलियम बनते त्या आतल्या जर्मेनियमचे अर्धायुष्य २७१ दिवसांचे, त्यामुळे रोज पहाटे गाडी धावायला नको. जनरेटर महाग आहे, आणि शेक घेतलेल्या मानेवर त्याचा वापर अजून नित्याचा झालेला नाही.

तोवर रक्ताचा प्रवाहही दाखवणारी मानेची डॉपलर सोनोग्राफी हाताशी आहे. ती दाह दाखवत नाही. भिंतीची जाडी, साचलेला थर आणि अरुंदपणा दाखवते. तालुक्याच्या गावीही होते, आणि शेक घेऊन काही वर्षे झालेल्या माणसाने ती मागून घ्यावी.