विजार

विजार : (स्त्री.) कमरेपासून खाली दोन्ही पाय वेगवेगळे झाकणारे शिवलेले वस्त्र. इजार हे रूपही मराठीत आहे. पायजमा, सुरवार, तुमान, लेंगा, चोळणा ही नावे याच कुळातल्या वस्त्रांची. आखूड प्रकार तो अर्धी विजार. अलीकडच्या लेखनात 'पँट' या अर्थीही हा शब्द येतो.

व्युत्पत्ती : शब्दाचे मूळ अरबी 'इझार' हे सर्वमान्य आहे. अडचण आहे ती अर्थाची आणि आरंभीच्या 'व'ची. अरबी इझार हे शिवलेले वस्त्रच नव्हे, ते कमरेभोवती गुंडाळायचे सलग कापड. हज यात्रेच्या एहरामात, म्हणजे यात्रेकरूंच्या न शिवलेल्या वेषात, खालच्या वस्त्राला आजही इझार व वरच्याला रिदा म्हणतात. दोन पायांचा अर्थ या शब्दाला फार्सीच्या प्रदेशात मिळाला असावा. ताजिकीत 'एझोर' म्हणजे विजारच. मराठीने उचलला तो हा नवा अर्थ. हिंदी-उर्दूतील 'इजारबंद', म्हणजे नाडी, हा शब्दही त्याच अर्थावर उभा आहे. मूळच्या 'झ'चा मराठीत 'ज' झाला. बाजार, हजार या फार्सी शब्दांतही तसेच घडले आहे.

'व' कोठून आला याबद्दल निश्चित सांगता येत नाही. ओमान व आखाती किनाऱ्यावर 'विझार' असे बोलीरूप आहे. ते सागरी व्यापाराबरोबर कोकणात उतरले, असे मानण्याचा मोह होतो. पण तो विझार लुंगीसारखा गुंडाळायचा असतो, आणि मराठी विजारीला हा अर्थ कधी चिकटलेला दिसत नाही. स्वराच्या आधी उच्चारात आपोआप येणाऱ्या 'य', 'व' ध्वनीने, म्हणजे श्रुतीनेही, उलगडा होत नाही : ओठचे 'वोठ' होते, पण एकचे 'येक' होते, आणि इकाराच्या आधी 'व' नव्हे, 'य'च अपेक्षित आहे. अधिक पटणारा खुलासा बोलीत सापडतो. ग्रामीण मराठीत विळ्याचा इळा, विंचवाचा इंचू, विस्तवाचा इस्तू होतो. या ओळीत बसवून 'इजार' हे अशुद्ध रूप समजले गेले आणि 'शुद्ध' करताना नसलेला 'व' घातला गेला, असे दिसते.

शब्द परका असला तरी वस्त्र परके होते असे नाही. सातव्या शतकातील संस्कृत लेखक बाणभट्ट याच्या 'हर्षचरिता'त राजांच्या वेषात स्वस्थान, पिंगा व सतुला ही नावे येतात. या ग्रंथाचे अभ्यासक वासुदेवशरण अग्रवाल यांनी हे विजारींचे प्रकार मानले असून हिंदी 'सूथन' शब्दाचा संबंध स्वस्थानाशी जोडला आहे. त्यामुळे मुसलमानी अमलाबरोबर विजार आली, हे विधान शब्दापुरतेच घ्यावे.

बेत व शिलाई : साध्या सैल विजारीत दोन पाय, आसन (बैठकीचा भाग), नेफा (नाडी ओवायची कमरेची दुमड) व नाडी एवढेच भाग असतात. तयार लांबी 100 सेंमी हवी असल्यास नेफ्यासाठी 5 व खालच्या दुमडीसाठी 3 सेंमी धरून 108 सेंमीचा एकेक पाय बेततात. 90 सेंमी पन्ह्याचे (रुंदीचे) सव्वादोन मीटर कापड पुरते. पायाची रुंदी 70 सेंमी ठेवली तर कडेला उरलेल्या पट्टीतून आसनाचा तुकडा निघतो. नितंबांचा घेर 96 सेंमी असेल तर नेफ्याखाली आसनाची खोली 36 ते 38 सेंमी ठेवतात. ती कमी पडली की मांडी घालून बसताना विजार मागून ताणली जाते.

फाटण्याची खरी जागा म्हणजे चार शिवणी एकत्र येतात तो बिंदू. तेथे साधारण 15 सेंमीचा चौरस तुकडा, मियानी, कोपऱ्यावर उभा करून बसवतात. असा बसवला की ताण कापडाच्या तिरप्या दिशेने जातो आणि कापड थोडे लांबते; उभ्या-आडव्या धाग्यात ते लांबत नाही, म्हणून सरळ बसवलेली मियानी लवकर उसवते. चुडीदार विजार पूर्ण तिरपी बेततात, तीही याच कारणाने. नाडीसाठी नेफ्यात ठेवलेल्या फटीमागे आतून ठिगळ द्यावे, नाहीतर नाडी ओढताना फट खाली फाटत जाते. कोरे सुती कापड भिजवून वाळवूनच बेतावे : 4 टक्के आटले तरी 100 सेंमीची विजार 4 सेंमी वर चढते.