पेनड्राइव्हएवढं यकृत

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सावनेरपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान लेकरं मूत्रपिंडं निकामी होऊन नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागली. कारण खोकल्याच्या सिरपमधला डायएथिलीन ग्लायकॉल हा विषारी द्रव. इकडच्या खेड्यांत आयाबाया घरातली बाटली उलटीसुलटी करून पाहू लागल्या, आणि ‘औषध विकण्याआधी कोणी तपासत नाही का?’ हा प्रश्न पारावर आला.

गंमत म्हणजे, तपासणीचा अमेरिकी कायदा याच विषामुळे झाला. १९३७ साली तिथे सल्फा औषधाचं गोड सिरप ह्याच द्रवात विरघळवून विकलं गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. १९३८च्या कायद्याने विक्रीआधी सुरक्षिततेचा पुरावा मागितला. पुढे तो पुरावा म्हणजे मुख्यतः उंदीर, कुत्रे, माकडं असंच समीकरण बसलं.

पण जनावराचं यकृत माणसाचं नव्हे. १९९३ साली कावीळ-बीवरच्या (हिपॅटायटिस बी) फियालुरिडीन या नव्या औषधाने जनावरांत धोक्याची घंटा वाजवली नव्हती. मग १५ रुग्णांना ते दिलं. सात जणांचं यकृत कोलमडलं, पाच गेले.

मग औषध माणसाच्याच पेशींवर कसं तपासावं? उत्तर आलं कॉम्प्युटर चिप बनवण्याच्या तंत्रातून. २०१०मध्ये हार्वर्डच्या विस संस्थेत डॉन इंगबर आणि डॅन हू यांनी फुफ्फुसाची चिप दाखवली. पेनड्राइव्हएवढ्या पारदर्शक रबरात दोन बारीक नाल्या, मधे सच्छिद्र पडदा. एका बाजूला माणसाच्या फुफ्फुसाच्या पेशी आणि हवा, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. कडेच्या पोकळीतली हवा ओढली की पडदा ताणला जातो, सोडली की सैलावतो. श्वासच म्हणा!

अशाच, पण यकृताच्या पेशी बसवलेल्या चिपची मोठी परीक्षा २०२२ची. ८७० चिप, २७ औषधं. घातक औषधांपैकी ८७ टक्के पकडली, निर्धोक एकही चुकून अडवलं नाही. परीक्षकांत चिप बनवणाऱ्या कंपनीचेच लोक होते, एवढं ध्यानात ठेवावं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकेने जनावरांवरच्या चाचण्यांची सक्ती काढली, बंदी मात्र घातली नाही. मार्च २०२३मध्ये भारतानेही नियम बदलून चिपला वाट दिली.

छिंदवाड्याची लेकरं मात्र या चिपने वाचली नसती. चिप नव्या औषधाचा रेणू पारखते. तिथे औषध जुनंच होतं, घात केला द्रावकाने, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवाने. तो पकडायला कारखान्यात येणारं प्रत्येक पिंप उघडून साधी रासायनिक चाचणी करावी लागते.